तुळई कोण उचलतं, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, नाशिकला सॉफ्टवेअरची नोकरी, दोन वर्षांपूर्वी कमरेची गादी सरकून महिनाभर अंथरूण धरलं होतं, सध्या दुखणं नाही. जपानला जाऊन पारंपरिक लाकडी सांगाड्याचं सुतारकाम शिकायचंय. घरचे म्हणतात, शेवटी बांधकामच ते, चाळिशीत कंबर बसेल. तुमचं म्हणणं, हे हातहत्यारांचं शांत काम आहे, विटा-सिमेंटची हमाली नव्हे. कोण बरोबर?

मी गिफू प्रांतातल्या हिदा भागात या धंद्यात आहे. आधी शिकाऊ होतो, मग सुतार, आता बराचसा वेळ लाकडावर आखणी करण्यात जातो. डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या गादीबद्दल निवाडा देणार नाही. पायाला मुंग्या येत असतील, अंगठ्यात जोर कमी वाटत असेल तर आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांना स्पष्ट सांगा की रोज लाकूड उचलायचं आहे. नुसतं 'सुतारकाम' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फर्निचरचा कारागीर येतो आणि सल्लाही त्याच बेताने मिळतो.

आता मूळ मुद्दा. 'शरीर टिकेल का' याला सरसकट उत्तर नाही. या कामात शरीर कशाने झिजतं आणि ती झीज कोणाच्या वाट्याला येते, हे कळलं तर उत्तर काढता येतं. जोड कापून माणूस मोडलेला मी फारसा पाहिला नाही. मोडतो तो लाकूड हलवून. व्हिडिओत तुम्हाला पटाशीचं टोक दिसतं, रंध्यातून निघणारा पातळ पापुद्रा दिसतो. ते लाकूड घोडीवर, म्हणजे काम करताना लाकूड ठेवायच्या आधारावर, कोणी चढवलं आणि तोवर किती वेळा उलटवलं, ते कोणी दाखवत नाही.

आकडेच बघा. साध्या घराचा खांब १२० मिलिमीटर चौरस असतो. हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, ४ मीटर लांबीचा वाळलेला खांब साधारण २५ किलो भरतो. जपानच्या श्रम मंत्रालयाची कंबरदुखी टाळण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१३ साली सुधारलेली. त्यांच्या हिशेबाने प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचं वजन स्वतःच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आत हवं; बायकांसाठी मर्यादा त्याच्याही ६० टक्के. तुमचं वजन ६५ किलो धरलं तर २६ किलो झाले. एक खांब उचलला की मर्यादा संपली. आता तुळई घ्या: १२० बाय ३००, लांबी ४ मीटर, डग्लस फरची. ७५ किलोच्या आसपास जाते, म्हणजे तीन माणसांचं काम. हे वाळलेल्या लाकडाचं झालं. सुगी, म्हणजे जपानी सीडर, ओला असेल तर त्याच्या गाभ्यात कोरड्या लाकडाच्या वजनापेक्षा जास्त पाणी असू शकतं, आणि तोच खांब दुप्पट जड लागतो.

जुन्या पद्धतीच्या घरात मधोमध केयाकीचा, म्हणजे एका जड जपानी लाकडाचा, जाडजूड मुख्य खांब असतो. २४० मिलिमीटर चौरस आणि ६ मीटर लांब धरला तर सव्वादोनशे किलोच्या वर. त्या खांबाने सहसा कोणाची कंबर जात नाही, कारण त्याला सगळे घाबरून असतात. क्रेन येते, चौघे उभे राहतात, एक जण हाकारे देतो. कंबर जाते ती २५ किलोच्या खांबाने, संध्याकाळी चारच्या सुमाराला, पाय जागचे न हलवता नुसतं कमरेतून वळताना. उसण भरते, माणूस दोन दिवस अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उलटवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण शिकाऊ माणसाचं निम्मं आयुष्य त्यात जातं. तुळईवर चारही अंगांनी आखणी लागते. आधी तिचा बाक कुठल्या बाजूला आहे, बुडखा कोणता, शेंडा कोणता हे बघायला फिरवायची. मग शाईत भिजलेला दोरा ताणून मध्यरेषा उमटवायची, गुण्या लावून ती बाजूंवर उतरवायची, खालच्या अंगाला न्यायची. कापताना पुन्हा उलटवायची, सफाईला पुन्हा. एकेक तुळई सहज दहा-बारा वेळा फिरते, आणि घरात लहानमोठ्या धरून अशा कित्येक डझन.

म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी पटाशी देत नाहीत. लाकूड फिरवायला शिकवतात. तुळईच्या बरोबर मध्याखाली ठोकळा सरकवला की दोन्ही टोकं सुटतात आणि पाऊणशे किलोचं धूड एका हाताने गोल फिरतं. कुशीवरून पालथं करताना उचलायचं नाहीच. जवळची कड धरून तुळई अरुंद बाजूवर उभी करायची, क्षणभर तिथे तोलायची, आणि पलीकडे आधीच मांडलेल्या पट्ट्यांवर अलगद टेकू द्यायची. मांडी लाकडाला भिडलेली, हात सरळ, पाठ जवळजवळ उभी. पट्ट्या आधी मांडायच्या, हे महत्त्वाचं. त्या नसल्या की पुढच्या वेळी लाकडाखाली बोटं घालावी लागतात. शिकाऊ पोरांची नखं काळीनिळी दिसतात ती यामुळेच. घोडीची उंचीही बघावी. आखणीला कमरेइतकी उंच लागते, पण पटाशी मारताना लाकूड खाली असतं आणि त्यावर एका मांडीने बसायचं असतं. एकाच उंचीच्या घोडीवर सगळं उरकणाऱ्या कार्यशाळेत सगळ्यांचीच पाठ धरलेली असते.

आता तुमच्या 'शांत काम' या समजाकडे येतो. आज जपानमधल्या नेहमीच्या पद्धतीच्या लाकडी घरांपैकी ९० टक्क्यांहून जास्त घरांचे सांगाडे कारखान्यात, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापले जातात. हाताने आखून कापणाऱ्या कार्यशाळा उरलेल्या थोड्या कामावर जगतात. त्यांच्याकडेही ढोबळ कापणी यंत्रानेच होते. खाचा पाडायला साखळीचं यंत्र, कुसवाच्या, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या टोकाच्या, बाजू उतरवायला गोल पात्याची करवत, आणि पटाशी-रंधा शेवटच्या सफाईला. ते खाचेचं यंत्र पंधरा-सतरा किलोचं असतं आणि एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर उचलून न्यावं लागतं. करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. कानाला ८५ डेसिबल आठ तास सोसतात असं धरलं, तर १०० डेसिबलला ती मुदत पाव तासावर येते. इथल्या साठीच्या सुतारांशी बोलताना दोनदा बोलावं लागतं, त्याचं कारण हेच.

हातहत्यारंही शरीराकडून मागतातच, फक्त वेगळ्या तऱ्हेने. जपानी करवत आणि रंधा दोन्ही आपल्याकडे ओढून चालवायचे. नवखा माणूस दंडाने ओढतो आणि आठवड्यात कोपर धरून बसतो. खरी ओढ पायातून, मागे सरकण्यातून यावी लागते. हातांनी रंधा फक्त सपाट धरायचा. आणि धार! बोथट पटाशीवर हातोडा दुप्पट चालतो, आणि तो मार मनगटात नि अंगठ्याच्या सांध्यात उतरतो. धार लावायला बसणं हा त्यातला विसावाही आहे. बैठक बदलते, वेगळे स्नायू चालतात, यंत्रं बंद असतात. नवख्या मुलांना वाटतं उस्तादांनी दगडावर बसवून वर्षं फुकट घालवली. काही ठिकाणी ती खरंच फुकटची राबणूक असते, नाही म्हणत नाही. पण धार न येणारा माणूस अंगच्या जोरावर काम रेटतो आणि त्याची किंमत तिशीपर्यंत लक्षात येत नाही.

कौशल्य शरीराला कसं वाचवतं, याचं एकच उदाहरण देतो. जोड घट्ट हवा हे सगळे जाणतात. किती घट्ट, यात खरी गोम आहे. आखणीच्या रेषेची जाडी आत ठेवायची की बाहेर, इतकाच फरक असतो. कुसू अर्धा मिलिमीटर जाड राहिलं, तर घर उभारायच्या दिवशी ते बसवायला वर तुळईवर उभं राहून काकेया, म्हणजे मोठी लाकडी मोगरी, दहाच्या जागी पन्नास वेळा घालावी लागते. खांदा जातो तो तिथे. आणि बारा सेंटीमीटर रुंदीवर पाय ठेवून पन्नास वेळा मोगरी घालणं म्हणजे पडण्याचे पन्नास प्रसंग. म्हणून जाणता सुतार कुसवाच्या टोकाच्या कडा तासून घेतो आणि बसवण्याआधी त्याचे गाल हातोड्याने हलकेच ठोकून तंतू दाबतो. दबलेलं कुसू खाचेत सहज शिरतं आणि हवेतला ओलावा पिऊन नंतर फुगून आवळतं. हातोड्याचा गोलसर तोंडाचा भाग वापरायचा, सपाट तोंडाची कड लागली तर तंतू तुटतात. पाच मिनिटांचं काम आहे. घाईच्या साइटवर सर्वांत आधी तेच वगळतात.

गुडघ्यांबद्दल तुमची बाजू थोडी बळकट आहे, निदान असायला हवी. आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करतात. जपानी सुतारही पूर्वापार तसंच करत आलेत. उकिडवं बसता येणं हा इथे मोठा गुण आहे. पण नोकरीची दहा वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाची ती सवय गेलेली असते. टाचा टेकवून उकिडवे बसा आणि दहा मिनिटं बसून बघा. सांगाडा उभा राहिल्यावर फळ्यांची जमीन घालायचं काम येतं, ते आठवडेच्या आठवडे गुडघ्यांवर चालतं. गुडघे टेकणं आणि वजन उचलणं एकत्र आलं की सांधा लवकर झिजतो. गुडघ्याला गादीचे पट्टे बांधा, कोणी हसलं तर हसू द्या.

लाकडाच्या भुशाचं एका वाक्यात: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, तेव्हा सुगंधावर जाऊ नका, मास्क लावा. उन्हाळ्याचंही गृहीत धरा. डोंगरात गारवा असेल ही समजूत चुकीची. याच गिफू प्रांतातल्या ताजिमीत २००७ च्या ऑगस्टमध्ये ४०.९ अंश नोंदले गेले. जून २०२५ पासून उन्हात काम करणाऱ्यांसाठी उष्माघाताची तजवीज ठेवणं मालकांवर कायद्याने बंधनकारक झालं आहे.

आणि पडणं. जपानच्या बांधकामात कामावर मरणाऱ्यांमध्ये उंचावरून पडलेले सर्वांत जास्त असतात, वर्षानुवर्षं. २०२२ पासून जुन्या मापाचे कंबरपट्टे बाद झाले, आणि पावणेसात मीटरच्या वर तर पूर्ण अंगाचा हार्नेस लागतोच. पण दुमजली घराच्या बहुतेक तुळया त्या उंचीच्या खाली असतात, तिथे ढिलाई होते. तीन मीटरवरून तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, पडलेल्या माणसाला नियमातल्या आकड्याचा काही उपयोग नसतो.

इथवरचं सार असं, की जोड, धार, आखणी हा शिकण्याचा भाग शरीराला सोसण्यासारखा आहे. उचलणं, गुडघे, आवाज आणि उंची हा झिजवणारा भाग. पूर्वी ही झीज वाटून घ्यायची रीत होती, आणि ती समजल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही.

या हिदा भागाची ख्याती मुळात शारीरिक श्रमाच्या करातून आली. आठव्या शतकातल्या कायद्यात इथल्या लोकांना काही कर माफ होते. त्या बदल्यात दर पन्नास घरांमागे दहा माणसं राजधानीत बांधकामावर राबायला पाठवायची. देवळं-राजवाडे उभे राहिले ते त्या खांद्यांवर. तेव्हाच्या माणसांचं काय झालं याची हळहळ आज करून उपयोग नाही. पण नंतरच्या काळात धंद्यात जी विभागणी रुळली ती शहाणपणाची होती. ओंडके चिरणारे वेगळे, गावात सांगाडा उभारायला चढणारे वेगळे, सुतार वेगळा. आढं चढवायच्या दिवशी शेजारपाजार मदतीला येई. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला चहा, तो आजही बहुतेक साइटवर चुकत नाही. काम कितीही अडलेलं असो, हत्यारं खाली. आणि वयानुसार काम बदलत जाई. विशीत उचलायचं, तिशीत कापायचं, चाळिशीपुढे आखायचं. होर्यूजीच्या देवळाचे सुतार निशिओका त्सुनेकाझु यांच्या देखरेखीखाली याकुशीजीचं मुख्य मंदिर १९७६ साली पुन्हा उभं राहिलं, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. त्या वयात त्यांच्या डोळ्यांची आणि शब्दांची गरज होती, खांद्यांची नाही.

ही शिडी आता खालून मोडली आहे. जपानच्या जनगणनेत १९८० साली नऊ लाखांहून जास्त सुतार होते, २०२० साली तीन लाखांच्या आत आले, आणि त्यात मोठा वाटा साठी उलटलेल्यांचा. खालून तरुण येत नाहीत, म्हणून आखणीवर जायला हवेत ते पंचावन्न वर्षांचे लोक खांब वाहतात. त्याच २०२० मध्ये लाकडी वास्तू जतन करण्याचं हे कौशल्य युनेस्कोच्या यादीत गेलं. चांगलंच झालं. पण यादीत जोड जातो, तुळईचं दुसरं टोक धरणारा माणूस जात नाही.

म्हणून तुमच्या वयाकडे मी असं बघतो. ३१ हे शिकायला उशिराचं वय नाही. पण तुम्ही पायरीवर खालून चढणार, म्हणजे पहिली चार-पाच वर्षं विशीतल्या पोराचं काम तिशीतल्या, एकदा दुखावलेल्या पाठीने करणार. आखणीचं काम हाती यायला चाळिशी उजाडेल. चांगल्या कार्यशाळेत हे जमतं. वाईट कार्यशाळेत तुमचे घरचे बरोबर ठरतील. सगळं कार्यशाळेवर आहे, आणि ती पारखायला पत्रात किंवा भेटीत सरळ विचारायचं. ओव्हरहेड क्रेन किंवा फोर्कलिफ्ट आहे का? तुळई उलटवायला किती जण असतात? सांगाडा उभारताना कोण चढतं आणि जाळी बांधतात का? सर्वांत वयस्कर सुतार रोज काय काम करतात? या शेवटच्या उत्तरावरून मला जितकं कळतं तितकं बाकी कशावरून कळत नाही. देवळांचं काम करणाऱ्या कार्यशाळांत लाकडं अवजड असली तरी क्रेन असते आणि घाई कमी. लहान घरांच्या ठेकेदाराकडे लाकूड हलकं, पण सगळं हातावर. 'देऊळ' ऐकून घाबरू नका आणि 'घर' ऐकून निश्चिंत होऊ नका.

कागदपत्रांतही एक खोच आहे. २०१९ पासूनच्या विशिष्ट कौशल्य व्हिसात बांधकाम क्षेत्र आहे आणि २०२१ साली भारताशी तसा करारही झाला. पण त्या वाटेने येणाऱ्याला नेमकं कुठलं काम मिळेल ते मालकावर अवलंबून. लाकडी सांगाड्याच्या आशेने येऊन काँक्रीटच्या शटरिंगवर किंवा सळया बांधायला लागलेली मुलं मला भेटली आहेत. करारात कामाचं नाव काय लिहिलंय ते कोणाकडून तरी जपानीत वाचून घ्या. आणि नोकरदार म्हणून घेतायत का, हेही बघा. नोकरदाराला कामावरच्या अपघाताचा विमा आपोआप मिळतो. काही जण नव्या माणसाला 'स्वतंत्र सुतार' दाखवून रोजंदारीवर घेतात. तेव्हा तो विमा आपोआप लागू होत नाही, स्वतः वेगळी नोंदणी करून हप्ता भरावा लागतो.

नोकरी आत्ताच सोडू नका. नाशिकात आणि आसपास जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे मिस्त्री आहेत, लाकडाच्या वखारी आहेत. एका पावसाळ्यापुरती बिनपगारी रजा मिळाली तर तिथे रोज जा. तळखड्यावरचा खांब, त्यावरची तुळई, कडीपाट, सगळं तिथेही आहे आणि वजनही तितकंच आहे, सागाचं तर जास्तच. पटाशी मागू नका, लाकूड उतरवायला आणि रचायला मागा. पहिला आठवडा सगळंच दुखेल, त्यावरून काही ठरवू नका. सहाव्या आठवड्यात सकाळी उठताना पाठीचं काय म्हणणं आहे ते बघा. स्नायू दुखत असतील तर हरकत नाही. दुखणं पायात उतरत असेल तर सांगाड्याचा नाद सोडा.

सोडावा लागलाच, तर दाराच्या सरकत्या चौकटी आणि जाळीकाम करणाऱ्या कारागिरांकडे बघा. तो जपानमध्ये वेगळाच धंदा आहे. लाकूड हलकं, जोड तितकेच बारीक किंवा त्याहून बारीक, आणि उंचावर चढायचं नाही. तिथे डोळे आणि बोटं थकतात, कंबर बरीच सुटते. ते काम दुय्यम समजणारे सुतार इथेही आहेत. त्यातल्या बहुतेकांना ते जमत नाही.

वखारीतला अनुभव झाला की कळवा. तेव्हा कोणत्या भागातल्या कार्यशाळांना पत्र लिहायचं आणि त्यात काय लिहायचं, ते सांगतो.